दगडाने राखलेला माळ

कॅन्ससमधल्या कॉटनवूड फॉल्स गावात ब्रॉडवे नावाचा विटांचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरच्या एका छोट्या खानावळीत मी कॉफी पीत बसले होते. शेजारच्या खुर्चीवर सत्तरी ओलांडलेले एक रँचर, म्हणजे कुरणं राखून गुरं पाळणारे. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली, बुटांना वाळलेला चिखल. "कुठल्या तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी भारत म्हणाले, पश्चिमेकडचा कोरडा मुलूख म्हणाले. इतकी वर्षं या देशात काढल्यावर पुढे काय विचारतील ते ठाऊक असतं. तिखट जेवण, घरातली भाषा, उन्हाळा किती कडक. त्यांनी यातलं काहीच काढलं नाही. "गवत कसं असतं तिकडे?" असं विचारलं. मग मी सांगत गेले. मारवेल कशी मऊ असते आणि जनावरं ती आधी शोधतात, पवन्या कसा उभा वाढतो, कार्तिक लागला की सगळा माळ पिवळा पडतो आणि कुसळं परकराला टोचत घरापर्यंत येतात. ते मन लावून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "आणि जाळता कधी?" मी म्हटलं, आम्ही जाळत नाही, कुणी जाळलंच तर लोक विझवायला धावतात. त्यांनी मान हलवली. "मग झाडं येत असतील," ते म्हणाले, ते इतक्या काळजीने की मी घरातल्या कुणाचं जुनं दुखणं सांगितलं असावं. मग कॉफीचे पैसे टेबलावर ठेवून, टोपी घालून निघून गेले.

झाडं येत असतील. हे वाक्य गाडीत माझ्याबरोबर घरापर्यंत आलं आणि पुढे कित्येक दिवस गेलं नाही.

माझं आजोळ माण तालुक्यातलं. गावाच्या वर जो उघडा माळ पसरलाय त्याच्याबद्दल लहानपणी विचारलं की मामा म्हणायचा, "काय न्हाई पोरी तिथं, नुसता माळ हाय." असं म्हणणारा मामाच रोज सकाळी खिल्लारांची जोडी सोडून तिकडे जायचा. पावसानंतर चार महिने आमच्या गोठ्यातली वैरण त्या 'काय न्हाई'तूनच यायची, धनगरांचे कळप वाटेवर तिथेच उतरायचे. तरी त्याला नाव ठेवायचंच झालं तर 'नुसता'. सरकारी कागदही तसाच बोलतो. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात असे गवताळ माळ पडीक म्हणूनच रंगवलेले असतात, आणि पडीक म्हटलं की पुढचं ठरलेलं: चर खणा, खड्डे घ्या, झाडं लावा. आमच्या माळावर गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहिल्या तेव्हा सगळ्यांनाच आनंद झाला होता, मलाही झाला होता. हिरवं दिसत होतं ना. त्या झाडांखाली मारवेल कुठे गेली, हे कुणी विचारलं नाही.

कॉटनवूड फॉल्सला मी पहिल्यांदा गेले ती घरापासून दोन-अडीच तासांवर आहे एवढ्याच कारणाने. आमच्या कॅन्सस सिटीकडच्या मराठी मंडळींमध्ये त्या भागाची ख्याती 'तिकडे काय आहे बघायला' अशी. १७७ क्रमांकाच्या रस्त्याला लागलं की त्यांना काय म्हणायचंय ते कळतंही. एकामागून एक लांबट टेकड्या, त्यांवर गवत, आणि वर सगळं आभाळ. खांब नाहीत, पाट्या नाहीत, मैलोगणती घर नाही. झाडं दिसलीच तर ओढ्याकाठी, वाकडीतिकडी कॉटनवूडची ओळ. वारा मात्र थांबत नाही. गाडीचं दार उघडलं की तो हातातून दार ओढून घेतो, आणि गवत एका अंगाला झुकून, चकाकून, पुन्हा सावरतं. सप्टेंबरात बिग ब्लूस्टेम तांबूस-जांभळा झालेला असतो. त्याच्या तुऱ्याला तीन फाटे, इथले लोक त्याला टर्कीचा पंजा म्हणतात. टेकडीच्या माथ्यावर तो कमरेएवढा, पण ओढ्याच्या खोलगट जमिनीत शिरलात तर डोक्याच्या वर जातो. मी तो हातात धरून चुरगाळला तेव्हा मारवेलीची आठवण झाली, आणि नंतर वाचताना समजलं की ती आठवण अगदीच हवेतली नव्हती. दोन्ही गवतं एकाच मोठ्या घराण्यातली. आपली मारवेल टेक्ससमध्ये पोचून रुजलीय आणि तिकडे तिलाही ब्लूस्टेमच म्हणतात.

उत्तर अमेरिकेच्या मध्यात असं उंच गवत एकेकाळी सतरा कोटी एकरांवर होतं. आता चार टक्केसुद्धा उरलेलं नाही, आणि जे उरलंय त्यातला मोठा वाटा या फ्लिंट हिल्समध्ये, म्हणजे चकमकीच्या टेकड्यांमध्ये आहे. बाकीचं नांगराखाली गेलं. १८३७ साली इलिनॉयमध्ये जॉन डिअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर बनवला आणि मुळांच्या जाळ्याने घट्ट विणलेली ती चिकट काळी जमीन फुटायला लागली. पन्नासेक वर्षांत तिथे मक्याची राज्यं उभी राहिली. इथे मात्र नांगर अडला. रस्त्यासाठी टेकडी कापलीय तिथे गाडी थांबवून पाहावं. चुनखडीचे फिकट थर एकावर एक, आणि त्यांच्यामधून करड्या चकमकीच्या दगडाच्या गाठी ओळीने निघालेल्या. पर्मियन काळातल्या उथळ समुद्राचा हा गाळ. चुनखडी पावसाने झिजते, चकमक झिजत नाही, ती मातीत तशीच साठत राहते. वर माती वीतभर, कुठे तेवढीही नाही. शेती करायला आलेल्यांनी ओढ्याकाठची गाळाची पट्टी घेतली, वरच्या टेकड्यांवर फाळ मोडले आणि त्या सोडून दिल्या. मुळांना दगडाच्या फटी पुरतात. फाळाला पुरत नाहीत. आमच्या माळावरही वीतभर मुरूमच आहे. फक्त तिथे आम्ही फाळाऐवजी यंत्र आणलं.

गाव म्हणावं तर २०२० च्या शिरगणतीत ८५१ माणसं. तरी विटांच्या रस्त्याच्या टोकाला जी इमारत उभी आहे ती पाहून मान वर करावीच लागते. चेज काउंटीचं कोर्ट. १८७३ साली पुरं झालं, जॉन हॅस्केल या वास्तुरचनाकाराचं काम. इथल्याच चुनखडीच्या भिंती, पॅरिसमध्ये शोभावं असं उतरतं लाल छप्पर, वर घड्याळाचा मनोरा. कॅन्ससमध्ये आजही कामकाज चालू असलेल्या कोर्टांत हे सर्वांत जुनं. आत काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा जिना वळत वळत तीन मजले चढतो. कठड्यावरून हात फिरवला तर दीडशे वर्षांच्या तळहातांनी आलेला गुळगुळीतपणा लागतो. त्याच इमारतीत गाडीचा कर भरायला आलेल्या बायका आणि जमिनीचे उतारे शोधणारे लोक ये-जा करतात, ही गोष्ट मला त्या छपराहून जास्त आवडते. वरच्या मजल्यावर एक लंबगोल खिडकी आहे. तिथून ब्रॉडवे सरळ नदीपर्यंत दिसतो: दोन्ही बाजूंना दगडी दुकानं, काही चालू, काही कित्येक वर्षं बंद, मग कॉटनवूड नदी आणि तिच्यावरचा १९१४ सालचा कमानीचा पूल. पुलावरून आता फक्त चालत जातात. खाली जुन्या गिरणीचा बांध आहे, पाणी तिथे दिवसरात्र बोलत असतं.

नदीच्या पलीकडे मैल-दोन मैलांवर स्ट्राँग सिटी. कोर्ट अलीकडे आणि रेल्वे पलीकडे, अशी दोन गावांची वाटणी झाली. पलीकडच्या गावाला १८८१ मध्ये सांता फे रेल्वेच्या अध्यक्षांचं, विल्यम बार्स्टो स्ट्राँग यांचं नाव मिळालं. १९३८ पासून तिथे जूनच्या सुरुवातीला फ्लिंट हिल्स रोडिओ, म्हणजे घोड्या-बैलांवरच्या स्वारीच्या स्पर्धांचा मेळा भरतो. तो सुरू करणाऱ्या एमेट रॉबर्ट्स यांची मुलं केन आणि जेराल्ड देशाचे विजेते झाले, मुलगी मार्ज धावत्या घोड्यावरच्या कसरतींत गाजली. मी रोडिओला एकदा गेले, धूळ खाल्ली, मुलांचे घोडे पाहिले, बैलाच्या पाठीवरून माणूस फेकला गेला तेव्हा डोळे मिटले. तिथे माझा जीव रमला नाही. पण तिथे जमणारी गर्दी एकमेकांना नावाने हाक मारणारी असते, आणि कुणाच्या कुरणात पाऊस किती झाला याचीच बोलणी चाललेली असतात, ते मात्र खरसुंडीच्या खिल्लार बाजारासारखंच ऐकू आलं.

स्ट्राँग सिटीच्या उत्तरेला स्टीफन जोन्स या पशुमालकाने १८८१ मध्ये बांधलेला वाडा आहे. अकरा खोल्यांचं दगडी घर, तीन मजली दगडी गोठा, आणि टेकडीवरून लांब निघून गेलेल्या रचीव दगडी भिंती. मोकळ्या चराईचे दिवस संपवण्यासाठी कॅन्सस सरकारने १८६७ मध्ये कायदा करून अशा भिंती बांधणाऱ्याला सोळा-साडेसोळा फुटांमागे चाळीस सेंट देऊ केले होते. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. गोठ्यात शिरलं की बाहेरचा वारा तुटतो आणि जुन्या लाकडाचा, धुळीचा, फार पूर्वी निघून गेलेल्या घोड्यांचा मंद वास येतो. जोन्स मात्र तिथे दहा वर्षंही राहिले नाहीत, १८८८ मध्ये विकून गेले. समोरच्या टेकडीवर एकखोली दगडी शाळा आहे, १८८२ ची. पोरं कमी होत गेली आणि १९३० मध्ये ती बंद पडली. चहूकडे गवत आणि मधोमध ती शाळा. फळ्याकडे पाठ करून दारात उभं राहिलं की आत शिकवलेलं किती टिकलं असेल असं वाटतं, दारातून दिसणाऱ्या त्या सगळ्यापुढे.

हा वाडा आणि भोवतालचे जवळजवळ अकरा हजार एकर १९९६ पासून राष्ट्रीय संरक्षित माळ आहेत. पण हे 'राष्ट्रीय' कसं झालं ते पाहिलं की या लोकांचा स्वभाव कळतो. सरकारने जमीन घेऊन पार्क करायचं म्हटल्यावर रँचर मंडळींनी अनेक वर्षं विरोध केला. आम्ही राखलेलं गवत आमच्यापासून वाचवायला तुम्ही कोण, असं त्यांचं म्हणणं. शेवटी कायद्यातच लिहिलं गेलं की सरकारने इथे १८० एकरांहून जास्त जमिनीची मालकी घ्यायची नाही. बाकी मालकी आज बहुतांशी नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेची, देखरेख पार्कवाल्यांची, आणि चराई चालूच. २००९ मध्ये साउथ डकोटातल्या विंड केव्हहून तेरा बायसन, म्हणजे अमेरिकी गवे, आणून सोडले. आता त्यांचा मोठा कळप झालाय. पायवाट त्यांच्या कुरणातूनच जाते. एका दुपारी वाटेवरच एक नर लोळत होता, धुळीचा लोट उठवत. आम्ही लांबूनच वळसा घेतला. मला दोन्ही बाजू पटतात आणि त्याचा त्रासही होतो. गवत राखायला ते खाणारं जनावर लागतं, हे त्या रँचरांनी कागदावर न मांडता पिढ्यान्पिढ्या सिद्ध केलंय. आणि पार्क झालं नसतं तर माझ्यासारखीला तारेच्या कुंपणाबाहेरूनच हे सगळं पाहावं लागलं असतं, कारण इथली जवळपास सगळी जमीन खाजगी आहे.

मग एका एप्रिलमध्ये जाळणं पाहिलं.

दुपारी रस्त्याच्या कडेला गाडी लावून उभी होते. शेजारपाजारचे चार-पाच पिकअप आलेले, एकावर पाण्याची टाकी आणि फवारा. आधी वाऱ्याच्या पुढच्या कडेने, म्हणजे आग जिकडे पळणार त्या टोकाला, एक पट्टा हळूहळू जाळून काळा करून घेतला. वाऱ्याच्या उलट जाणारी आग गुडघ्याएवढी असते आणि रांगते. तो पट्टा रुंद झाल्यावर एक पोरगेलासा मुलगा, हातात थेंब थेंब पेटतं तेल सांडणारी टाकी, वाऱ्याच्या पाठीमागून चालत गेला. त्याच्या मागोमाग ज्वाळा उभ्या राहिल्या आणि सुटल्या. आवाज आधी तडतड, मग एकसंध घुमणारा. रस्त्यापलीकडे असूनही गालांना धग लागली. माझ्या मनात आजोळचा वणवा उभा राहिला: ओल्या फांद्या घेऊन पळणारे लोक, रडवेली मामी, गंजीकडे सरकणारी रेघ. इथे कुणी पळत नव्हतं. पाण्याच्या टाकीवर बसलेल्या बाई सँडविच खात होत्या. काळ्या पट्ट्याला भिडून आग आपोआप बसली, आणि अंधार पडल्यावर लांबच्या टेकड्यांवरही नारिंगी रेघा दिसायला लागल्या, एक, दोन, मग मोजता येईनात. फ्लिंट हिल्समध्ये वसंतात अशी वीस लाख एकरांच्या आसपास जमीन जळते. पंधरवड्याने परत गेले तर तीच काळी टेकडी पोपटी झालेली, इतकी की डोळ्यांना दुखावी. जुन्या गवताचं पांघरूण जळालं की उन्हाने जमीन लवकर तापते, मुळं खाली सुरक्षित असतात, आणि जे जळून मरतं ते असतं झाडाचं रोप. आग बंद झाली की इथे रेड सीडर नावाचं सदाहरित झाड शिरतं आणि वीस-तीस वर्षांत कुरणाचं रान करून टाकतं. त्या आजोबांनी कसली काळजी केली होती ते मला तेव्हा कळलं. सगळ्या उंच गवताचा शत्रू त्यांच्या लेखी हिरवाच होता.

आमच्याकडे उद्या माळ जाळा असं मी म्हणत नाही. आमचा पाऊस वेगळा, मुरूम उघडा पडला तर पहिल्याच वळवात वाहून जाईल, आणि सह्याद्रीच्या उतारावरचे वणवे काय करतात ते आपण बघतो. शिवाय इथेही सगळं सुरळीत आहे असं नाही. एप्रिलमध्ये तो धूर आमच्या शहरापर्यंत येतो, दम्याच्या माणसांना खिडक्या लावून बसावं लागतं. दरवर्षी झाडून सगळं जाळलं की ग्रेटर प्रेअरी चिकन या पक्ष्याला अंडी घालायला जुनं गवतच उरत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे त्यांचे नर ठरलेल्या उघड्या जागेवर जमतात, मानेच्या नारिंगी पिशव्या फुगवून नाचतात, तो घुमणारा आवाज मैलभर ऐकू येतो. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकाचा नरही गळ्याची पिशवी फुगवून असाच घुमायचा. ते अभयारण्य १९७९ पासून आहे, पण माळढोक आता तिथे दिसणं जवळजवळ थांबलंय. म्हणून कुरणाचे तुकडे करून दरवर्षी एकच तुकडा जाळायचा, बाकीचं पक्ष्यांसाठी उभं ठेवायचं, ही पद्धत इथले काही जण आता वापरतात. सगळे नाही. त्यात हिशोब आहे, आणि तो हिशोब जनावराच्या वजनाचा आहे.

इथे मला जड जातं, तरी लिहिते. जळलेल्या टेकडीवर पोपटी फूट आली की ट्रक येतात. दूरदूरच्या मालकांचे खोंड, हाडं दिसणारे, तीन महिन्यांसाठी. पूर्वी ते टेक्ससहून रेल्वेने यायचे आणि बझार गावाच्या स्टेशनावर चढउतार व्हायची. इथले रँचर बहुतेक वेळा स्वतःची जनावरं नाही, दुसऱ्यांची राखोळीला घेतात: पाणी बघणं, मीठ ठेवणं, कुंपण सांधणं, आजारी जनावर हेरणं, आणि मोसमाला अमुक दर. जुलैच्या मध्यावर गोळा करून ट्रकात भरतात. तोवर ते खोंड तुकतुकीत झालेले असतात. इथून पश्चिमेच्या खुराकाच्या वाड्यांत, आणि तिथून कत्तलखान्यात. जुलै म्हणजे आमच्याकडे आषाढ, बेंदराचे दिवस. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळायचे, दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवून, गोंडे बांधून मिरवायचं, आधी त्यांच्या तोंडात पुरणपोळी आणि मग घरातल्यांच्या. मी पहाटे घोड्यावर बसून धुक्यातून जनावरं हाकत आणणारी ती माणसं पाहिली आहेत. आवाज न चढवता, शिट्टी घालत, लंगडणाऱ्या खोंडासाठी सगळा कळप थांबवत. त्यांचं जनावरावरचं लक्ष मामाच्या लक्षाहून उणं नव्हतं. आणि ट्रकाचं दार बंद होताना मला उभं राहवलं नाही. दोन्ही खरं आहे, आणि इतक्या वर्षांत मला त्यातलं एक काढून टाकता आलेलं नाही.

बझारजवळच्या एका कुरणात एक स्मारक आहे. ३१ मार्च १९३१ ला तिथे विमान पडून आठ माणसं गेली, त्यांत नोटर डेम विद्यापीठाचे फुटबॉलचे प्रशिक्षक नूट रॉकनी होते. विमानाचा लाकडी पंख हवेतच तुटला होता, आणि त्या अपघातानंतर प्रवासी विमानं संपूर्ण धातूची होण्याला वेग आला. लोक मुद्दाम ते बघायला येतात. पाहायला हरकत नाही.

पण एकच गोष्ट पाहायची असेल तर कोर्ट पाहून झाल्यावर गाडी उत्तरेला वळवावी. अर्ध्या तासावर काउन्सिल ग्रोव्ह. ज्यांच्या नावावरून कॅन्सस हे नाव आलं त्या कॉ लोकांना १८४६ च्या करारानंतर तिथे आणून बसवलं होतं. गवत जाळून गव्यांना कोवळ्या फुटीवर ओढायची रीत या मुलखात रँचर यायच्या कितीतरी आधीची, त्यांची. १८७३ मध्ये, ज्या वर्षी कोर्टाचा मनोरा पुरा झाला त्याच वर्षी, त्यांना इथून उठवून आजच्या ओक्लाहोमात पाठवलं. चार्ल्स कर्टिस नावाचा मुलगा त्याआधी लहानपणी आजीबरोबर तिथे राहिला होता. त्यालाही जमातीबरोबर जायचं होतं, आजीने मागे राहून शाळा शिकायला सांगितलं. तो पुढे १९२९ मध्ये अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला. मध्यंतरी १८९८ मध्ये आदिवासींच्या सामाईक जमिनी मोडणाऱ्या कायद्यालाही त्याचंच नाव लागलं.

कॉ लोकांनी काउन्सिल ग्रोव्हजवळ स्वतःच्या पैशांनी थोडी जमीन परत विकत घेतली आहे. त्यांचा पवित्र मानलेला एक प्रचंड लाल दगड १९२९ मध्ये लॉरेन्स गावच्या लोकांनी उचलून नेला होता आणि त्यावर गावाच्या संस्थापकांच्या नावांची पाटी ठोकली होती. ती पाटी काढून, लॉरेन्सने माफी मागून, तो दगड २०२४ मध्ये या जमिनीवर आणून बसवण्यात आला. तिथे जा. ओक्लाहोमातून कॉ लोक तिथे येतात, आणि आपल्या पूर्वजांच्या गवतावर नाचतात.